लढाई न पाहिलेला ‘किल्ला’

२०२५ च्या जुलैत आपल्याकडे बराच गुलाल उधळला गेला. युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची ४७ वी बैठक पॅरिसला भरली होती. तिथे ११ जुलैला ‘भारताचा मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ गडकोट वारसा यादीत दाखल झाले. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, साल्हेर, लोहगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी.

त्याच बैठकीत, दुसऱ्याच दिवशी, जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या एका राजाने बांधलेल्या चार वास्तू यादीत गेल्या. त्यातली एक जगभरच्या कॅलेंडरांवर, चॉकलेटच्या डब्यांवर आणि जिगसॉ पझलच्या खोक्यांवर झळकते: नॉयश्वानश्टाईन. पांढऱ्या भिंती, निळसर छपरं, निमुळते मनोरे, मागे आल्प्सचे डोंगर.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिचा फोटो आला आणि एका काकांनी विचारलं, “या किल्ल्यावर लढाई कोणती झाली?” उत्तर होतं, एकही नाही. “बांधला कधी?” १८६९ नंतर. म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन सोळा वर्षं झाल्यावर. यावर काकांचा निकाल तयारच होता: “मग हा कसला वारसा? आमच्या गडांनी रक्त पाहिलंय.”

काकांचा प्रश्न रास्त आहे. निकाल मात्र घाईचा आहे.

किल्ला की वाडा?

पहिला घोळ शब्दाचा. जर्मन भाषेत दोन वेगळे शब्द आहेत. ‘बुर्ग’ म्हणजे तटबंदीचा, लढायला बांधलेला किल्ला आणि ‘श्लोस’ म्हणजे राजवाडा. आपल्याकडेही गड वेगळा आणि वाडा वेगळा. इंग्रजीतला ‘कॅसल’ हा शब्द दोन्हींना चालतो, आपण तो तिथून उचलतो आणि प्रत्येक मनोरेवाल्या इमारतीला किल्ला म्हणून मोकळे होतो. नॉयश्वानश्टाईन हा श्लोस आहे. बुर्गाचा पोशाख केलेला श्लोस.

पोशाख कसा ओळखायचा? रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बलाढ्य बुरुजांच्या कुशीत तो असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शत्रूला दार सापडू नये, सापडलंच तर समोर हत्ती पळवत आणायला सरळ जागा मिळू नये, हे त्यामागचं गणित. नॉयश्वानश्टाईनचं दार नेमकं उलट वागतं. लालसर विटांची मोठी देवडी, दोन बाजूंना बुरूज, वर राजचिन्ह, आणि सगळं येणाऱ्याच्या डोळ्यात भरेल असं. भिंतींना मोठाल्या काचेच्या खिडक्या. बुरूज आहेत, पण तिथून कुणी तोफ डागावी अशी अपेक्षा कधीच नव्हती.

नावाचीही एक गंमत आहे. ‘नॉय’ म्हणजे नवा, ‘श्टाईन’ म्हणजे दगड आणि ‘श्वान’ म्हणजे हंस. संस्कृत शिकलेल्या मराठी माणसाला तिथे कुत्रा दिसतो, त्याला इलाज नाही. गावाचं नाव श्वानगाउ, म्हणजे हंसांचा परगणा, आणि तिथल्या तळ्यात हंस खरोखर आहेत. राजाच्या हयातीत मात्र या वाड्याला ‘नवा होहेनश्वानगाउ’ म्हणत. आजचं नाव तो मेल्यावर पडलं.

गादी होती, राज्य नव्हतं

हा राजा म्हणजे दुसरा लुडविग. जन्म २५ ऑगस्ट १८४५ चा. वडील वारले आणि १० मार्च १८६४ ला, अठराव्या वर्षी, तो बव्हेरियाचा राजा झाला. उंच, देखणा, वाचनवेडा, लाजाळू. राज्यकारभाराचं शिक्षण जेमतेम.

त्या काळी ‘जर्मनी’ असा एक देश नव्हता, अनेक राज्यं होती. त्यातलं उत्तरेचं प्रशिया सगळ्यांना गिळायला निघालं होतं. १८६६ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध झालं. बव्हेरियाने ऑस्ट्रियाची बाजू घेतली आणि काही आठवड्यांत हार पत्करली. दंड बसलाच, शिवाय करार करावा लागला की यापुढे युद्ध झालं तर बव्हेरियाचं सैन्य प्रशियाच्या हुकमाखाली लढेल. गादीवर बसून दोन वर्षं होतात तोच वीस वर्षांच्या राजाच्या हातून त्याची फौज गेली. त्याची आई प्रशियाचीच राजकन्या होती, ही त्यातली आणखी एक बोच.

पुढे १८७१ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि प्रशियाचा राजा सम्राट झाला. त्याला सम्राटपद देऊ करणारं पत्र गेलं होतं लुडविगच्या सहीने. मजकूर प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याने तयार करून दिलेला. लुडविग घोषणेच्या समारंभाला गेला नाही. बव्हेरियाकडे स्वतःचं टपाल, रेल्वे आणि बिअरवरचा कर असे काही अधिकार राहिले.

आपल्याला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. इंग्रजी अमलातले संस्थानिक आठवा. गादी आहे, मानपान आहे, दसऱ्याचा दरबार आहे, पण मोठा निर्णय रेसिडेंट साहेबाच्या बंगल्यावर होतो. अशा राजाने काय करावं? कुणी शिकारीला लागला, कुणी पोलो खेळला, कुणी शाळा-धरणं काढली. लुडविगने एक असं जग बांधायला घेतलं जिथे राजा अजून राजाच आहे.

वास्तुविशारदाच्या आधी नेपथ्यकार

लुडविगचं बालपण गेलं ते होहेनश्वानगाउ नावाच्या पिवळ्या वाड्यात. त्याच्या वडिलांनी एका पडक्या किल्ल्यावर तो १८३० च्या दशकात उभा केला होता. त्याच्या भिंतींवर मध्ययुगीन दंतकथांची चित्रं होती. त्यातलीच एक लोहेनग्रिनची: हंसाने ओढलेल्या होडीतून संकटातल्या राजकन्येसाठी येणारा अनाम वीर. पोरगा हीच चित्रं बघत वाढला. पंधराव्या वर्षी म्युनिकच्या रंगमंचावर त्याने रिशार्ड वाग्नर या संगीतकाराचा याच कथेवरचा ऑपेरा पाहिला आणि तो कायमचा झपाटला. ऑपेरा म्हणजे ढोबळमानाने आपल्या संगीत नाटकासारखा प्रकार, फक्त गद्य जवळजवळ नाही आणि समोर भलामोठा वाद्यवृंद. राजा झाल्यावर त्याने लगोलग काय केलं असेल, तर कर्जात बुडालेल्या वाग्नरला शोधून आणलं आणि त्याची देणी फेडली.

१८६७ मध्ये लुडविगने दोन ठिकाणं पाहिली. एक वार्टबुर्ग, जर्मन दंतकथांमधल्या गायकांच्या स्पर्धेशी जोडलेला, नुकताच डागडुजी झालेला जुना किल्ला. दुसरं फ्रान्समधलं पियेरफाँ, तिथे पडक्या किल्ल्याची पुनर्बांधणी चालू होती. १८६८ च्या मे महिन्यात त्याने वाग्नरला पत्र लिहून कळवलं की पोलाट नदीच्या घळीजवळचे जुने अवशेष आपण अस्सल जर्मन शूरवीरांच्या किल्ल्याच्या धाटणीत पुन्हा उभारणार आहोत.

आता या सगळ्या कथेची किल्ली इथे आहे. वाड्याची पहिली चित्रं काढली ती क्रिस्टियान यांक या माणसाने. तो वास्तुविशारद नव्हता. म्युनिकच्या नाट्यगृहासाठी पडदे आणि नेपथ्य रंगवणारा चित्रकार होता. त्याच्या चित्रांवरून एडुआर्ड रीडेल या वास्तुविशारदाने नकाशे केले. पुढे गेओर्ग डोलमान आणि शेवटी युलियुस होफमान यांनी काम पाहिलं. पण क्रम लक्षात ठेवा: आधी दृश्य, मग त्यात बसेल अशी इमारत.

जुन्या संगीत नाटक कंपन्यांचे रंगवलेले पडदे ज्यांनी पाहिलेत किंवा आजोबांकडून ऐकलेत, त्यांना हे चटकन उमगेल. महालाचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. पडदा रंगवणारा महालात माणसं राहतील कुठे, पाणी येईल कुठून, याची काळजी करत नाही. प्रेक्षकाला महाल ‘वाटला’ पाहिजे, एवढंच त्याचं काम. नॉयश्वानश्टाईनमध्ये तो पडदा दगडात उतरवला गेला, आणि मग पाणी कुठून येईल याची काळजी दुसऱ्यांना करावी लागली.

दगडाच्या आत विटा, भिंतीच्या आत गरम हवा

त्यांनी ती मन लावून केली. कड्यावर दोन जुन्या किल्ल्यांचे अवशेष होते, ते सुरुंग लावून पाडले. खडकाचा माथा सुमारे आठ मीटर उतरवला. रस्ता केला, पाण्याची नळवाट टाकली आणि ५ सप्टेंबर १८६९ ला कोनशिला बसली. १८७३ मध्ये देवडी पुरी झाली. बाकी वाडा उभा राहीपर्यंत राजा देवडीच्याच वरच्या मजल्यावर उतरायचा आणि तिथून काम न्याहाळायचा. सामान वर चढवायला वाफेवर चालणारा क्रेन होता. मुख्य महालाचं छप्पर १८८० च्या जानेवारीत चढलं.

बाहेरून पांढरा दगडी दिसणारा हा वाडा आतून विटांचा आहे. त्यावर जवळच्याच खाणीतल्या चुनखडीच्या दगडाचं कातडं चढवलंय. दरवाज्यांना आणि भिंतीबाहेर आलेल्या गवाक्षांना वालुकाश्म, खिडक्यांना आणि खांबांना साल्झबुर्गजवळचा संगमरवर. १८७९-८० या एकाच हंगामात ४६५ टन संगमरवर, १५५० टन वालुकाश्म, ६०० टन सिमेंट आणि ४ लाख विटा लागल्या. कामावर दिवसाला दोनशेच्या आसपास माणसं. राजाने तारीख दिली की रात्रीही दिव्यांच्या उजेडात काम. कारागिरांची एक संस्थाही १८७० मध्ये निघाली होती. महिन्याची वर्गणी भरायची, आजारी पडल्यास किंवा जखमी झाल्यास त्यातून पगार चालू, आणि त्या निधीत राजाही भर घालायचा.

आतली सोय तर चक्रावून टाकणारी. प्रत्येक मजल्यावर नळाचं पाणी, कारण झरा वाड्याच्या वरच्या डोंगरावर होता आणि पाणी उताराने आपोआप यायचं. आपोआप पाणी सोडणारे संडास. तळातून गरम हवा खेळवून सगळा वाडा उबदार ठेवणारी यंत्रणा. नोकरांना बोलवायला विजेची घंटा. जेवण वर पोचवायला लिफ्ट. टेलिफोन! सिंहासनाचा दरबार एवढा उंच आणि रुंद आहे की त्याचा भार पेलायला पोलादी सांगाडा घालावा लागला आणि त्याला वरून बायझंटाईन साज चढवला.

हा ‘बायझंटाईन’ शब्द आला तसा आणखी दोन शब्द एकदाच सांगून टाकतो. खिडकीची कमान अर्धगोल आणि भिंत जाडजूड असेल तर ती रोमनेस्क शैली. कमानीला वर टोक आलं की गॉथिक. सोनेरी पार्श्वभूमीवर काचतुकड्यांची चित्रं, घुमट, संतांच्या रांगा दिसल्या की बायझंटाईन, म्हणजे जुन्या इस्तंबूलच्या चर्चांची. नॉयश्वानश्टाईनचं बाहेरचं रूप मुख्यतः रोमनेस्क, राजाची झोपायची खोली गॉथिक, दरबार बायझंटाईन. मध्ययुगातल्या माणसाने हे एका घरात कधीच एकत्र केलं नसतं.

प्रेक्षक एक

दरबारात चला. दोन मजली उंची, सुमारे १३ मीटर. जमिनीवर वीस लाखांहून अधिक तुकड्यांची पशुपक्ष्यांची नक्षी. वर मुकुटासारखं झुंबर. ९६ मेणबत्त्या लावायच्या तर ते दोराने खाली उतरवावं लागे. संगमरवराच्या पायऱ्या चढून जिथे सिंहासन असायला हवं तिथे काहीच नाही. सिंहासन आलंच नाही. ते तयार होण्याआधी राजा गेला.

त्याच्याही वरच्या मजल्यावर गायकांचं दालन आहे, वार्टबुर्गवरून घेतलेलं. लुडविगच्या हयातीत तिथे ना मैफल झाली ना मेजवानी. पहिली मैफल झाली १९३३ मध्ये. ज्याच्यावरच्या भक्तीपोटी हे सगळं उभं राहिलं तो वाग्नर तर १८८३ मध्येच वारला. त्याने या वाड्यात कधी पाऊलही टाकलं नाही.

झोपायच्या खोलीतलं लाकडी कोरीवकाम चौदा कारागिरांना चार वर्षांहून जास्त पुरलं. वाड्यातल्या खोल्यांच्या भिंतींवर लोहेनग्रिन, टानहॉयझर, ट्रिस्टान या दंतकथांमधल्या वीरांची चित्रं. चित्रकारांना राजाची सूचना अशी की रंगमंचावरचे प्रसंग काढू नका, मूळ मध्ययुगीन कथा वाचा आणि त्यातले काढा. बैठकीची खोली आणि अभ्यासिका यांच्यामधलं एक दार उघडावं तर चक्क गुहा लागते. खोटी, पण गुहा.

आराखड्यात दोनशेहून जास्त खोल्या होत्या. पूर्ण सजल्या त्या पंधरा-सोळा. राजा १८८४ मध्ये राहायला आला आणि सगळं मिळून या वाड्यात राहिला अवघे १७२ दिवस. तेही बरेचसे रात्रीचेच, कारण तो दिवसा झोपायचा आणि रात्री जागायचा. हिवाळ्यात मध्यरात्री सोनेरी घसरगाडीतून डोंगरात फिरायचा, तिला पुढे विजेचा दिवा.

आवार: एकीकडे निसर्ग, दुसरीकडे बाग

राजवाडा म्हटला की समोर आखीव बाग, मधोमध कारंजं, अशी आपली अपेक्षा असते. नॉयश्वानश्टाईनला तशी बागच नाही. त्याचं आवार म्हणजे पोलाट नदीची घळ, धबधबा, दोन तळी, आणि पाठीशी डोंगर. घळीवर एक पूल आहे, मारियेनब्रुक. लुडविगच्या वडिलांनी तो आपल्या बायकोसाठी, म्हणजे मारीसाठी, लाकडाचा बांधला होता आणि लुडविगने तिथे लोखंडी पूल टाकला. घळीच्या तळापासून नव्वद मीटर उंचीवर. या पुलावरून वाडा असा दिसतो की कॅलेंडरवाले तिथून हलतच नाहीत. हे योगायोगाने घडलेलं नाही. जिथून नेपथ्य पुरं दिसेल ती जागा, म्हणजे प्रेक्षागृहातली पहिली रांग, आधीच ठरलेली होती.

बाग पाहायची तर लिंडरहोफला जावं. त्याच राजाचा, यादीतला दुसरा, तीन राजवाड्यांत सर्वांत लहान, आणि त्याच्या हयातीत पुरा झालेला एकमेव राजवाडा. माझ्या मते चारही वास्तूंत सगळ्यात हुशार काम इथलं आहे आणि त्याला पुरेशी दाद मिळत नाही. बागेचा कर्ता कार्ल फॉन एफनर. अरुंद डोंगरदरीत त्याने वाड्याला लागून फ्रेंच पद्धतीची काटेकोर बाग आखली: गच्च्या, संगमरवरी पायऱ्यांवरून उतरणारं पाणी, वीस मीटरहून उंच उडणारं कारंजं. कारंज्याला पंप नाही, डोंगरावरून येणाऱ्या पाण्याचा दाबच पुरतो. वाड्यापासून जसजसं दूर जावं तसतशी ही शिस्त सैल होत जाते, पायवाटा वळणदार होतात आणि शेवटी बाग कुठे संपली आणि जंगल कुठे सुरू झालं ते कळत नाही. या आखीव बागेत एक जुनं लिंडेनचं झाड होतं. सगळी समरूपता बिघडवणारं. राजाने ते तोडू दिलं नाही. त्याच झाडावर मचाण बांधून तो कधीकधी तिथे बसायचा.

याच बागेत डोंगराला टेकून खोटी गुहा आहे, ‘व्हीनसची गुहा’. लोखंडी सांगाडा, त्यावर सिमेंटचे खोटे लवणस्तंभ, आत तळं, तळ्यात शिंपल्याच्या आकाराची सोनेरी नाव. दिव्यांसमोर रंगीत काचा फिरवून गुहा कधी लाल तर कधी निळी करायची. त्यासाठी २४ डायनॅमो बसवले होते. बव्हेरियातल्या सर्वांत आधीच्या वीजनिर्मिती केंद्रांपैकी हे एक. एका माणसाला एकट्याने नावेत बसता यावं म्हणून! ओलाव्याने खंगलेली ही गुहा दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२५ मध्येच पुन्हा खुली झाली.

लिंडरहोफच्या जेवणघरात एक टेबल आहे. ते जमिनीतून खाली स्वयंपाकघरात उतरायचं, तिथे वाढून झालं की वर यायचं. नोकराचा चेहरा दिसायला नको, ही व्यवस्था.

उरलेल्या दोघांचं थोडक्यात: हेरेनकीमझे म्हणजे तळ्यातल्या बेटावर उभारलेली व्हर्सायची प्रतिकृती, चौघांत सर्वांत खर्चिक, आणि तिथे राजा जेमतेम दहा दिवस राहिला. शाखेन म्हणजे १८०० मीटरहून उंचावरचं लाकडी घर. बाहेरून साधं, वरच्या मजल्यावर मात्र तुर्की दिवाणखाना. राजा आपला वाढदिवस तिथे साजरा करायचा.

“पण पैसा शेवटी जनतेचाच ना?”

हा आक्षेप येणारच, आणि तो त्याच्या काळीही होता. हिशेब असा: बव्हेरियाच्या खजिन्यातून राजाला दर वर्षी ठरलेली रक्कम मिळे, आपल्या संस्थानिकांच्या तनख्यासारखी. बांधकाम त्या पैशातून आणि पुढे कर्जातून चाललं. राज्याच्या अंदाजपत्रकातून थेट खर्च झाला नाही. अर्थात तनखाही करातूनच येतो, त्यामुळे ‘स्वतःचा पैसा’ हा बचाव अर्धाच टिकतो. बिस्मार्कने गुपचूप पुरवलेला पैसाही त्यात होता, म्हणजे ज्याने राज्य घेतलं त्याच्याच पैशातून राज्याचं स्वप्न.

नॉयश्वानश्टाईनचा सुरुवातीचा अंदाज ३२ लाख मार्कांचा. राजा मेला तोवर ६१ लाखांहून अधिक खर्च झाले होते आणि काम अर्धवट. एकूण कर्ज १ कोटी ४० लाख मार्क. सावकार जप्तीची भाषा बोलू लागले, राजा नवी कर्जं शोधू लागला, मंत्री घाबरले. १८८६ च्या जूनमध्ये चार मानसोपचारतज्ज्ञांनी राजा वेडा असल्याचा दाखला दिला. त्याला एकदाही न तपासता, नोकरचाकरांच्या जबान्यांवरून. त्याला नॉयश्वानश्टाईनमधूनच नेऊन म्युनिकजवळच्या बेर्ग इथे ठेवलं. १३ जूनच्या संध्याकाळी तो त्या चौघांतल्याच डॉक्टर गुडेन यांच्याबरोबर तळ्याकाठी फिरायला गेला आणि रात्री दोघांचे मृतदेह पाण्यात सापडले. बुडाला, बुडवला की पळून जाताना मेला, यावर आजही वाद चालू आहे.

आणि १ ऑगस्ट १८८६ ला, म्हणजे बरोबर सात आठवड्यांनी, ज्या वाड्यात राजाला परका माणूस खपत नव्हता तो दोन मार्कांचं तिकीट लावून लोकांसाठी खुला झाला. १८९९ पर्यंत राजाचं कर्ज फिटलं. आज या वाड्यात वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात आणि अख्ख्या टापूतली हॉटेलं, बस, दुकानं त्यावर जगतात. हे पाहून कुणी राजाला दूरदर्शी म्हणतात. मला ते पटत नाही. त्याने हे एकट्यासाठी बांधलं होतं. त्यातून झालेली कमाई हा त्याच्या इच्छेविरुद्धचा अपघात आहे.

“मग ही नक्कलच नाही का?”

जुन्या शैली मुद्दाम उचलून नव्या इमारतीला चढवण्याच्या या चालीला हिस्टॉरिसिझम म्हणतात. एकोणिसाव्या शतकात सगळ्या युरोपात ती होती, आणि आपल्या अंगणातही आली. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या काळात उभं राहिलं. टोकदार कमानी, घुमट, दगडी प्राणीपक्षी हे वर, आणि आत रेल्वे. त्याला आपण कुणी ‘खोटं चर्च’ म्हणत नाही. कोल्हापूरचा नवा राजवाडा १८८४ मध्ये पुरा झाला, लुडविग आपल्या वाड्यात राहायला आला त्याच वर्षी. बडोद्याचा गायकवाडांचा लक्ष्मीविलास त्याच सुमाराचा. दोन्हींचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रजाचा, आणि त्यातही तीन-चार परंपरांची सरमिसळ आहे.

नक्कल करणारा मूळ वस्तूसारखी वस्तू करतो. लुडविगने केलं ते असं की कधीच अस्तित्वात नसलेला किल्ला बांधला. मध्ययुगात कुठेही असा किल्ला नव्हता. तो एकोणिसाव्या शतकाच्या मनातल्या मध्ययुगाचा आहे, आणि तो केवळ एकोणिसाव्या शतकातच, पोलाद, सिमेंट आणि विजेच्या घंटेसह बांधता आला असता. वाडा डिस्नेसारखा दिसतो अशीही तक्रार असते. क्रम उलटा आहे. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचा वाडा बांधताना प्रेरणा या वाड्यावरून घेतली गेली.

एक आरोप मात्र मी धुऊन काढणार नाही. हा कल्पनेतला किल्ला उभारण्यासाठी दोन खऱ्या मध्ययुगीन किल्ल्यांचे अवशेष सुरुंगाने उडवले गेले. आपल्याकडे आज कुणी असं केलं तर दुर्गप्रेमी त्याला गडावरून खाली उतरू देणार नाहीत.

“आमच्या गडांच्या पंगतीत हा कसा?”

आता काकांकडे. जागतिक वारसा यादी ही वयाची किंवा शौर्याची क्रमवारी नाही. युनेस्को विचारते की ही जागा माणसाच्या इतिहासातली अशी कोणती गोष्ट सांगते जी इतकी नीट दुसरीकडे सांगता येत नाही. १९७३ मध्ये उघडलेलं सिडनीचं ऑपेरा हाउसही या यादीत आहे. मराठ्यांच्या गडांचं उत्तर म्हणजे डोंगर, किनारा आणि बेटं यांचा लढण्यासाठी केलेला अजोड उपयोग. लुडविगच्या वाड्यांचं उत्तर म्हणजे सत्ता हातची गेल्यावर राजेशाही स्वप्नात कशी शिल्लक राहिली, आणि त्या स्वप्नाला उद्योगयुगाने कसे हातपाय दिले. रायगडावर दरवाजा कुठे लपवलाय हे बघायचं, नॉयश्वानश्टाईनवर तो का मिरवलाय हे.

यादीत नाव आलं म्हणजे पैशाची थैली येत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. येते ती जबाबदारी: आसपासच्या बांधकामांवर लक्ष, देखभालीचे आराखडे, वेळोवेळी अहवाल. म्हणूनच श्वानगाउच्या गावकऱ्यांनी २०२३ मध्ये या प्रश्नावर मतदान घेतलं. गर्दी आणखी वाढेल, घराला साधी पडवी काढायची तरी परवानग्या लागतील, अशी भीती अनेकांना होती. बहुमत बाजूने पडलं, पण एकमत नव्हतं. उन्हाळ्यात दिवसाला सहा हजार माणसं ज्या खोल्यांतून जातात त्या मुळात एका माणसासाठी होत्या. श्वासातला ओलावा, पडद्यांवर पडणारा उजेड, लाकडावर घासणाऱ्या पाठीवरच्या पिशव्या, हे तिथले आजचे शत्रू. बाहेर चुनखडीच्या दगडाला आल्प्सचं हवामान खातं आणि पायाखालच्या खडकाच्या हालचालींवर सतत नजर ठेवावी लागते.

म्युनिककडे नोकरीला असलेली मराठी मुलं आईवडील आले की त्यांना इथे हमखास नेतात. तिकिटावर वेळ छापलेली असते, ती चुकली की चुकली. पायथ्याच्या गावापासून अर्धा-पाऊण तासाचा चढ आहे. आत फोटो काढू देत नाहीत आणि फेरी अर्ध्या तासात संपते. वरच्या चौकात पोचलात की मात्र थोडं थांबा. फरसबंदीत एका मोठ्या पायाची आखणी दिसेल. तिथे ९० मीटर उंचीचा मुख्य बुरूज आणि त्यात देवघर उभं राहायचं होतं. बांधकाम पायापाशीच थांबलं. लोक त्या रेषांवर उभे राहतात, मान वर करतात आणि समोरच्या मनोऱ्यांचे फोटो काढतात.